नागपूरचा उन्हाळा आणि जीवशास्त्राचे आठ आठवडे

मे महिन्यात नागपुरात जीवशास्त्राचा पदवी अभ्यासक्रम शिकवता येईल का? काही वर्षांपूर्वी हा प्रश्न स्टाफरूममधल्या गप्पांपलीकडे गेला नसता. परीक्षा आटोपल्या की विद्यार्थी गावी जातात, प्रयोगशाळेच्या खिडक्या बंद होतात आणि मग भेट थेट पावसाळ्यात. पण विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमाचा जो नवा आराखडा प्रसिद्ध केला, त्यात आठ आठवड्यांच्या उन्हाळी सत्राची तरतूद आहे. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर शिक्षण थांबवू इच्छिणाऱ्यांनी या काळात प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावा, असे त्यात म्हटले आहे. शिवाय ज्यांचे विषय मागे राहिले आहेत किंवा ज्यांना जादा विषय घ्यायचे आहेत, त्यांच्यासाठी नेहमीचेच अभ्यासक्रम जलद गतीने चालवता येतील, असेही आहे.

या दुसऱ्या तरतुदीबद्दल आम्हाला थोडे बोलायचे आहे. उन्हाळी वर्गात बसणारा विद्यार्थी बहुधा कुठेतरी अडखळलेला असतो. त्याला नुसत्या व्याख्यानांपेक्षा हातात काही घेऊन, डोळ्यांनी पाहून शिकण्याची गरज इतरांपेक्षा जास्त असते. आणि घाईच्या सत्रात सर्वांत आधी कात्री लागते ती नेमकी प्रात्यक्षिकांना.

आधी हिशेब पाहू. व्याख्यानांचे १५ तास म्हणजे एक श्रेयांक आणि प्रात्यक्षिकांचे ३० तास म्हणजे एक श्रेयांक, असा नियम आहे. चार श्रेयांकांच्या विषयात तीन श्रेयांक व्याख्यानांचे आणि एक प्रात्यक्षिकांचा धरला तर ४५ अधिक ३० असे ७५ तास होतात. आठ आठवड्यांत सुट्या वगळून ४८ दिवस मिळतात. म्हणजे रोज दीड तासाहून थोडे अधिक. कागदावर हे अगदी आरामात बसते.

आता फळांवर घोंगावणाऱ्या चिलटांचे, म्हणजे ड्रॉसोफिलाचे उदाहरण घ्या. आनुवंशिकतेच्या प्रात्यक्षिकात लाल डोळ्यांची आणि पांढऱ्या डोळ्यांची चिलटे एकत्र ठेवून त्यांची नातवंडे मोजायची असतात. या कामात विद्यार्थ्याचे हात पाच-सहा तासच गुंतलेले असतात. पण २५ अंश सेल्सिअसला अंड्यापासून प्रौढ माशी व्हायला सुमारे १० दिवस लागतात. दोन पिढ्या, मधली निवड आणि शेवटची मोजदाद धरली तर जवळजवळ चार आठवडे जातात. पंधरा आठवड्यांच्या सत्रात पहिली बाटली बुरशीने गेली तरी दुसरी लावता येते. आठ आठवड्यांत तेवढी सवड नाही. वेळापत्रक तास मोजते, माशी दिवस मोजते, आणि हे दोन हिशेब जुळवणे हेच उन्हाळी सत्र आखणाऱ्या शिक्षकाचे मुख्य काम आहे.

उन्हाळ्यात जीवशास्त्र शिकवण्याची प्रथा तशी जुनी आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर वुड्स होल येथे १८८८ मध्ये सागरी जीवशास्त्राची प्रयोगशाळा सुरू झाली आणि तिथले उन्हाळी वर्ग पुढे जगभर गाजले. हे वर्ग उन्हाळ्यात भरण्याला प्राध्यापकांची सुटी हे एक कारण होतेच. पण दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. त्या समुद्रातील आरबेसिया नावाची सागरी अर्चिन उन्हाळ्यातच अंड्यांनी भरलेली असते. अंडी आणि शुक्रपेशी काचेवर एकत्र आणायच्या आणि फलन, पहिले विभाजन, दुसरे विभाजन डोळ्यांदेखत पाहायचे. प्राणी त्या ऋतूत काय करतो आहे हे पाहून अभ्यासक्रम ठरला होता.

आपल्याकडे १९६३ पासून विद्यापीठ अनुदान आयोग आणि राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद यांनी अमेरिकी साहाय्याने विज्ञान शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग सुरू केले. जुन्या पिढीतील अनेक शिक्षकांना ‘समर इन्स्टिट्यूट’ हा शब्द आठवत असेल. त्या काळी अमेरिकेत तयार झालेली जीवशास्त्राची नवी पुस्तके या वर्गांतून आपल्याकडे आली, आणि करून शिकण्याचा आग्रहही आला. तो चांगलाच होता. मात्र तिकडचा उन्हाळा म्हणजे तळ्याकाठी जाळी घेऊन फिरण्याचे दिवस, आणि आमचा उन्हाळा म्हणजे डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय उंबरठा न ओलांडण्याचे दिवस. तेव्हा वुड्स होलकडून घ्यायचे ते अर्चिन नव्हे, तर या ऋतूत आपल्या आसपासचे जीव काय करत आहेत हे विचारण्याची पद्धत.

मग नागपूरच्या उन्हाळ्यात आहे तरी काय? मे महिन्यात दुपारचे तापमान ४२-४३ अंशांवर असणे ही इथली नेहमीची गोष्ट. २३ मे २०१३ रोजी ते ४७.९ अंशांवर गेले होते. ३० मे २०२४ रोजी शहरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. नंतर हवामान खात्याने यंत्राचा संवेदक बिघडला असल्याचे सांगितले. ही बातमी वर्गात जरूर सांगावी आणि त्यानंतर विद्यार्थ्यांच्या हाती तीन तापमापके द्यावीत. एक उन्हात, एक कडुनिंबाच्या सावलीत आणि एकाच्या फुग्यावर ओले मलमल गुंडाळलेले. तिन्ही आकडे वेगळे येतात. ‘तापमान किती?’ या प्रश्नाला ‘कुठले?’ असा प्रतिप्रश्न का करायचा हे मग फारसे समजवावे लागत नाही.

यातील तिसरा आकडा, म्हणजे ओल्या फुग्याचे तापमान, आपल्याला पुढे फार उपयोगी पडणार आहे. हवा ४३ अंश आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, तर ओला फुगा जवळजवळ २५ अंशांपर्यंत उतरतो. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडते आणि उडताना उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी गार होते ते यामुळेच, आणि घराघरांतले कूलर चालतात तेही यामुळेच.

प्रयोगशाळेत मात्र या उन्हाने बऱ्याच गोष्टी बिघडतात. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकात इन्क्युबेटर ३७ अंशांवर लावतात. साध्या इन्क्युबेटरला तापवता येते, गार करता येत नाही. खोलीच ४० अंशांवर असेल तर आतले तापमान ३७ वर कसे येणार? विद्यार्थी डायल ३७ वर आहे हे पाहून वहीत ३७ लिहितात. त्यांना आतल्या तापमापकाकडे पाहायला लावणे हाच पहिला धडा.

दुसरी अडचण अगारची. स्वयंपाकघरात ज्याला आपण चायना ग्रास म्हणतो तो हाच पदार्थ. तो वितळतो सुमारे ८५ अंशांना, पण गोठतो ३२ ते ४० अंशांच्या दरम्यान. मे महिन्यातल्या दुपारी पेट्रीडिशमध्ये ओतलेला अगार तासभर पातळच राहिला, तर त्यात अगारचा दोष नाही. पहाटे ओतावा, किंवा ओल्या फरशीवर डिश ठेवाव्यात. एकदा गोठला की मात्र नागपूरचे कुठलेच ऊन त्याला वितळवू शकत नाही.

याच गुणामुळे अगार प्रयोगशाळेत आला, आणि त्यामागेही एक उन्हाळाच होता. १८८१ साली वॉल्टर हेसे हे रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत हवेतील जीवाणूंवर काम करत होते. जीवाणू वाढवण्यासाठी तेव्हा जिलेटिन वापरत. जर्मनीतल्या उन्हाळ्यातही ते वितळे आणि वेगवेगळ्या वसाहती एकमेकींत मिसळून जात. हेसे यांच्या पत्नी फॅनी यांनी अगार वापरून पाहण्यास सुचवले. त्या जेली करताना तो वापरत. जावा बेटावर राहून आलेल्या एका डच शेजाऱ्याकडून त्यांना तो माहीत झाला होता. जावाच्या गरम हवेत न वितळणारा पदार्थ कोणता, हे तिथल्या स्वयंपाकघराला ठाऊक होतेच! कॉख यांनी १८८२ च्या क्षयरोगावरील निबंधात अगारचा उल्लेख केला, फॅनी हेसे यांचा केला नाही. नागपुरात मे महिन्यात जिलेटिन आणि अगार शेजारीशेजारी ठेवले तर हा सारा इतिहास अर्ध्या तासात टेबलावर घडतो.

आता पुन्हा चिलटांकडे वळू. ड्रॉसोफिलाला २५ अंश मानवतात. ३० अंशांच्या आसपास नर वांझ होऊ लागतात आणि त्यापुढे बाटल्याच ओस पडतात. म्हणजे मे महिन्यातल्या खोलीत हा प्रयोग व्हायचा नाही. शीतकरणाची सोय असलेला इन्क्युबेटर सगळ्याच महाविद्यालयांत नसतो, आणि असला तरी वीज जाते. पण ओल्या फुग्याचे तापमान २५ आहे, हे आपण मघाशीच मोजले. एका मोठ्या मातीच्या कुंडीत लहान मडके ठेवावे, मधल्या जागेत वाळू भरून ती सतत ओली ठेवावी, बाटल्या आतल्या मडक्यात ठेवून वर ओले फडके टाकावे आणि सारे सावलीत, वारा लागेल अशा जागी ठेवावे. आतले तापमान ओल्या फुग्याच्या दोन-तीन अंश वर राहते. २७-२८ अंशांत चिलटांचे काम होते. दर तीन तासांनी तापमान लिहून ठेवण्याची पाळी लावावी. ही नोंद हा प्रयोगाचाच भाग आहे.

यात एक गंमत दडलेली आहे. पाऊस सुरू झाल्यावर हवा ३३ अंशांपर्यंत उतरते, पण आर्द्रता ७५ टक्क्यांवर जाते. तेव्हा ओला फुगा २९ अंश दाखवतो. बाहेरचे तापमान दहा अंशांनी खाली आले आणि मडक्यातले मात्र वर चढले! जूनमध्ये कूलरसमोर बसूनही जीव घुसमटतो त्याचे कारण हेच. आपल्या शरीराचेही तसेच आहे. घाम उडाला तरच गारवा मिळतो, नुसता निथळला तर नाही. तेव्हा चिलटांचा प्रयोग मेच्या पहिल्या आठवड्यात सुरू करून पाऊस येण्यापूर्वी संपवायला हवा. एक सूचना: कोशातून नुकतीच बाहेर पडलेली मादी २५ अंशांना सुमारे आठ तास नराला जवळ करत नाही, म्हणून तेवढ्यात ती वेगळी काढतात. उष्णतेत हा अवधी कमी होतो. पहाटे बाटल्या रिकाम्या करून सकाळीच माद्या निवडाव्यात. वर्ग तरी दुसऱ्या कोणत्या वेळी भरणार? सकाळी सात ते साडेदहा, त्यापुढे मुलांना घराबाहेर थांबवू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

या ऋतूतले आमचे सर्वांत आवडते साहित्य म्हणजे आटलेल्या डबक्याचा चिखल. चिखल तरी कसला, ढेकळेच ती. नेहमीच्या सत्रात आपण विद्यार्थ्यांना तळ्यावर नेतो आणि पाण्यातले जीव दाखवतो. मे महिन्यात पाणी नसते आणि सहल रद्द होते. पण ते जीव गेले कुठे? पाणपिसवा, दोन शिंपांत बसलेले ऑस्ट्राकोड, उलटे पोहणारे कोळंबीसारखे स्ट्रेप्टोसेफॅलस, चक्रधारी प्राणी या साऱ्यांची टिकाऊ अंडी त्या ढेकळांत पडून असतात. भाजणारे ऊन ती सहन करतात. नॉर्वेतील गेऑर्ग ओसियान सार्स या प्राणिशास्त्रज्ञाने ऑस्ट्रेलियातून आलेला वाळका चिखल आपल्या घरी पाण्यात भिजवला, त्यातून निघालेल्या पाणपिसवा वाढवल्या, आणि १८८५ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. ऑस्ट्रेलियाच्या तळ्यातले प्राणी त्याने नॉर्वेत बसून जिवंत पाहिले!

हा प्रयोग आठ आठवड्यांसाठीच घडवला आहे असे वाटावे इतका सोयीचा आहे. शेतातले, रस्त्याकडेचे, दरवर्षी भरणारे आणि आटणारे डबके शोधावे. अंबाझरी किंवा फुटाळ्यासारखे बारमाही तळे यासाठी चांगले नाही, कारण तिथे मासे असतात आणि संथ पोहणारा स्ट्रेप्टोसेफॅलस माशांपुढे टिकत नाही. वरचा दोन-तीन सेंटिमीटर थर काठावरून आणि मध्यातून वेगवेगळा घ्यावा. पसरट भांड्यात मूठभर माती आणि वर चार बोटे पाणी. नळाचे पाणी असेल तर ते एक दिवस उघडे ठेवावे म्हणजे क्लोरीन निघून जाईल. भांडी सावलीत पण उजेडात ठेवावीत आणि ओल्या वाळूवर ठेवून गार राखावीत.

पहिल्या एक-दोन दिवसांतच सूक्ष्मदर्शकाखाली हालचाल दिसू लागते. आधी एकपेशीय येतात, मग स्ट्रेप्टोसेफॅलसची इवलीशी पिल्ले. आठवड्याभरात पाणपिसवा दिसतात आणि त्यांच्या पाठीवरच्या पिशवीत अंडीही. दोन-तीन आठवड्यांत स्ट्रेप्टोसेफॅलसची वाढ पुरी होते. नावे शोधण्याची घाई करू नये. आधी चित्रे काढावीत, कोण कोणत्या दिवशी प्रथम दिसले याची नोंद ठेवावी. प्रत्येक डबक्यातून सगळेच निघेल असे नाही. एखाद्या भांड्यातून काहीच निघाले नाही तर तीही नोंदच आहे, आणि माती कुठली होती हे तपासायला ती कारण देते.

खरा विचार करायला लावणारा भाग यापुढे येतो. तिसऱ्या आठवड्यात काही भांड्यांतले पाणी आटू द्यावे, माती वाळू द्यावी आणि पाचव्या आठवड्यात पुन्हा पाणी घालावे. पुन्हा पिल्ले निघतात. यातली काही अंडी नव्याने घातलेली असू शकतात, म्हणून काही भांड्यांतले प्राणी वाढण्यापूर्वीच काढून टाकावेत. तरीही दुसऱ्या खेपेस पिल्ले आली, तर याचा अर्थ सारी अंडी पहिल्या पाण्याला फुटली नव्हती. असे का असावे? वळवाचा एक पाऊस पडतो, डबके भरते आणि चार दिवसांत आटते. पहिल्याच पाण्याला सगळी अंडी फुटली तर वंशच बुडेल. विदर्भातला शेतकरी पहिल्या पावसाला सगळे बियाणे पेरत नाही, थोडे दुबार पेरणीसाठी राखून ठेवतो. हे उदाहरण विद्यार्थी स्वतःच देतात. मात्र इथे कोणी विचार करून राखून ठेवलेले नाही. ज्या मादीची काही अंडी उशिरा फुटली तिचा वंश वाईट वर्षांतून तरला, इतकेच. नैसर्गिक निवडीचे प्रकरण शिकवताना जिराफाच्या मानेऐवजी हे भांडे समोर ठेवून पाहा.

जाता जाता, नागपूरच्या तळ्यांनी प्राणिशास्त्राला एक नावही दिले आहे. ज्यांच्या नावाचे महाविद्यालय आजही शहरात आहे, ते स्टीफन हिस्लॉप १८६३ पर्यंत इथे मिशनरी म्हणून राहिले. फावल्या वेळात ते खडक, जीवाश्म आणि तळ्यांतले जीव गोळा करत. पाण्यातल्या काड्यांवर, शिंपल्यांवर पातळ जाळीसारखा वाढणारा एक वसाहतीने राहणारा प्राणी हेन्री कार्टर यांनी १८५८ मध्ये ‘हिस्लॉपिया’ या नावाने नोंदवला.

तळी आटली तरी शहरात एक पाणी मात्र मे महिन्यातच भरलेले असते. ते म्हणजे कूलरच्या टाकीतले. सतत फिरणारे हे पाणी ओल्या फुग्याच्या तापमानाजवळ येते, म्हणजे २५ ते २७ अंशांवर. बाहेर ४३ अंशांत जिथे कीटकाला तग धरणे कठीण, तिथे आपण घरोघरी खिडकीला एक गार, सावलीतले, ओलसर डबके टांगून ठेवले आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास याचा फायदा घेणारच. या उष्णतेत अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर ते दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एकदा ‘कोरडा दिवस’ पाळा असे आरोग्य खाते सांगते, त्या सात दिवसांचा हिशेब इथून येतो. पण नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही. एडिसची मादी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर ओल्या भिंतीवर अंडी चिकटवते आणि ती वाळून महिनोन्महिने टिकतात. टाकी घासावी लागते. चिखलातल्या अंड्यांची गोष्ट आणि ही गोष्ट जीवशास्त्राच्या दृष्टीने एकच आहे.

प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या वस्तीतील वीस घरे घ्यावीत. किती घरांत अळ्या सापडल्या, किती भांडी तपासली, त्यांपैकी किती भांड्यांत अळ्या होत्या हे लिहावे. दर शंभर घरांमागे अळ्या असलेली किती भांडी, या आकड्याला ब्रेटो निर्देशांक म्हणतात. आरोग्य खातेही हाच काढते. अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून असेल तर ती ॲनॉफिलिसची, डोके खाली करून तिरकी लटकत असेल तर एडिस किंवा क्युलेक्सची. क्युलेक्सची श्वसननळी लांब, एडिसची आखूड. अळ्या वर्गात आणल्या तर भांड्याला जाळी बांधावी आणि डास होण्यापूर्वी त्या नष्ट कराव्यात. ज्याला एक वर्षानंतर शिक्षण सोडायचे आहे, त्याच्या हाती हे कौशल्य असलेले बरे.

झाडांबद्दल थोडक्यात सांगतो. वैशाखातल्या रखरखाटात पिंपळ, कडुनिंब, तेंदू यांना नवी पालवी आलेली दिसते. जमिनीत ओल नसताना ऐन उन्हात पाने फुटावीत याला २००६ मधील एका शोधनिबंधात आशियातील मोसमी जंगलांचे कोडेच म्हटले आहे. खोल मुळे, आधी पाने गाळून वाचवलेले पाणी आणि वाढत जाणारा दिवस ही कारणे पुढे आली आहेत. साग मात्र पावसाची वाट पाहत उघडाच राहतो. या दोघांची दर आठवड्याला नोंद ठेवण्यासाठी महाराजबाग किंवा सेमिनरी हिल्स पुरे. आणि तेंदूचे नाव निघालेच आहे तर आणखी एक गोष्ट. भंडारा, गोंदियाकडच्या कित्येक घरांची मे महिन्यात तेंदूपानांच्या हंगामावर कमाई असते. अशा घरातला विद्यार्थी मेच्या पहिल्या आठवड्यात नागपूरला येऊन बसेल ही अपेक्षा अन्यायाची आहे. त्याला पानफळी बांधायला जाऊ द्यावे आणि पालवीची नोंदवही त्याच्यासोबत द्यावी. छाटलेल्या आणि न छाटलेल्या तेंदूला पाने कधी व किती फुटली, हे त्याच्याइतके चांगले दुसरे कोण लिहिणार?

बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मचाणावर बसून प्राणी मोजण्याचा कार्यक्रम पेंच आणि ताडोबात होतो. विद्यार्थ्यांना त्याचे फार आकर्षण असते. जरूर जावे. पण एकच सांबर दोनदा आले की दोन सांबरे आली, हे मचाणावरून कसे कळणार, हा प्रश्न सोबत न्यावा.

मे आणि जून मिळून होणाऱ्या या सत्रात साधारणपणे सहाव्या-सातव्या आठवड्यात पाऊस येतो. वर्षातल्या दुसऱ्या कोणत्याही सत्राला हा उंबरठा मिळत नाही. आधी रोहिणीतला नवतपा, मग मृगाचे किडे, पंख फुटलेल्या वाळव्या, रात्री बेडकांचा गलका. सारे काही पंधरा दिवसांत. त्याआधीच तयारी करून ठेवली तर मातीवरचा एक सुंदर प्रयोग साधतो. केनियात काम करणाऱ्या एच. एफ. बर्च यांनी १९५८ मध्ये दाखवले की, वाळलेली माती भिजताच तिच्यातून कार्बन डायऑक्साइडचा एकदम लोंढा निघतो आणि काही दिवसांत ओसरतो. वाळताना मेलेल्या सूक्ष्मजीवांचे अवशेष आणि मोकळे झालेले सेंद्रिय पदार्थ वाचलेले जीवाणू भराभर खातात. आपली काळी माती मे महिन्यात भेगाळून कोरडीठाक होते, तिच्याइतके चांगले साहित्य दुसरे नाही. बरणीत ५० ग्रॅम माती, तिच्यात उभी ठेवलेली सोडियम हायड्रॉक्साइडची लहान कुपी आणि घट्ट झाकण. एका बरणीतली माती कोरडी, एकीतली आत्ताच भिजवलेली, एकीत रोपवाटिकेतली कायम ओली माती, आणि चौथी मातीविना. रोज कुपी बदलून अनुमापन करावे, आठवडाभर. आलेख विद्यार्थ्यांनीच काढावा.

पाऊस लांबला तर? लांबतोच कधीकधी. त्यासाठी मैदानात एक-एक मीटरचे सहा चौकोन दोरीने आखून ठेवावेत. तीन चौकोनांवर जूनच्या पहिल्या आठवड्यात झारीने प्रत्येकी वीस लिटर पाणी घालावे. म्हणजे २० मिलिमीटर पाऊस झाला. तीन कोरडे राहू द्यावेत. रोज सकाळी सात वाजता कोणते कोंब वर आले, कोणते किडे फिरताना दिसले हे लिहावे. पुढे खरा पाऊस आला की सहाही चौकोन भिजतील. झारीच्या पाण्याला फसून आधीच उगवलेल्या रोपट्यांपैकी तोपर्यंत किती जगली, ते त्या दिवशी मोजावे.